पोचल्याची रिंग

आमच्या वहिनीच्या पुढच्या खोलीत माणसं कमी आणि जबडे जास्त. भिंतीला लागून फळ्या ठोकल्या आहेत आणि त्यांवर प्लास्टरचे वरचे-खालचे जबडे ओळीनं मांडलेले असतात. नवीन माणूस आत आला की दारातच थबकतो. मी त्याला सांगतो, घाबरू नका हो, यातला एकही चावत नाही, चावते ती फक्त खुर्चीवर बसलेली बाई. वहिनी यावर हसत नाही. माझे सगळे विनोद तिला पाठ झालेत.

ती कवळ्या करते. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा पाठवतात. वहिनी त्यावरून साचा ओतते, मेणाच्या हिरड्या वळते, त्यात एकेक दात चिमट्यानं बसवते आणि जबडा उघडझाप करणाऱ्या एका पितळी चौकटीत अडकवून तो नीट मिटतो का ते बघते. मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी येते, घासकाम होतं, आणि कुणीतरी अनोळखी माणूस पुन्हा चावू लागतो. गल्लीत तिला सगळे 'कवळीवाल्या बाई' म्हणतात. मी तिचा धाकटा दीर, वरच्या मजल्यावर राहतो. नोकरीत होतो तेव्हा पाणी सोडायच्या चाव्या फिरवायचं काम करायचो, त्यामुळे लोकांच्या शिव्या खायची आणि लगेच परत करायची अशा दोन्ही सवयी अंगात मुरल्या आहेत.

खिडकीजवळच्या स्टुलावर घरचा फोन असतो. तारेचा. मोबाईल वहिनीकडे टिकत नाही, प्लास्टरची पूड आत गेली की तो मान टाकतो. आणि फोनशिवाय तिचं चालत नाही. दाताचा रंग कोणता, ठसा पोचला का, म्हातारबुवांना वरची कवळी टोचतेय, असे डॉक्टरांचे फोन दिवसभर चालू असतात. हात मेणानं माखलेले, म्हणून ती कोपरानं स्पीकरचं बटण दाबते आणि काम न थांबवता बोलते.

पण ती फोन तिसऱ्या रिंगनंतरच घेते. आम्ही सगळेच तसं करतो. मी, माझी बायको, वहिनीची मुलगी ठकी, सगळे. पहिली रिंग वाजली, हात कामात. दुसरी वाजली, हात थांबला. तिसरी वाजली की मग फोनकडे. डॉक्टर कुरकुरतात, बाई, तुमच्या घरात झोपा काढतात का? त्यांना काय सांगणार?

याला कारण दादा. माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. तो काचेची गाडी चालवायचा. ट्रकच्या पाठीवर तिरप्या चौकटीत उभ्या केलेल्या मोठमोठ्या काचा, मध्ये पेंढा, वरून दोरखंड. खड्ड्यातून गाडी अशी काढायचा की पाठच्या काचेला कळू नये. त्याच्या वाटेवर एक मोठा घाट होता आणि वहिनीचा सगळा जीव त्या घाटात अडकलेला असायचा. तेव्हा घरी हा फोन होता आणि बाहेर बूथ होते. दोघांनी ठरवून टाकलं होतं. घाट उतरून पलीकडच्या गोदामात पोचलं की दादानं घरी फोन लावायचा, दोन रिंग होऊ द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. दोन रिंग म्हणजे पोचलो. तिसरी वाजली तर फोन दुसऱ्या कुणाचा, किंवा दादालाच काहीतरी बोलायचं आहे.

दादा सकाळी निघाला की वहिनी पाण्याचा घोट घ्यायची नाही. व्रतबित काही नव्हतं, घशाखाली उतरायचंच नाही. हातातले दात वाकडे बसायचे. मग दुपारी फोन दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. वहिनीचा जीव भांड्यात पडायचा. ती उठून हात धुवायची, गॅसवर आधण ठेवायची आणि जिन्यातून हाक मारायची, "भाऊजी, या, पोचले!" आमच्याकडे त्याला पोचल्याचा चहा म्हणायचे. तो चहा पिताना वहिनी गुणगुणायची. तिला गाता येत नाही, पण त्या वेळी कुणी तोंड उघडून तसं म्हणत नसे.

दादा गेला त्या दिवशीसुद्धा दोन रिंग वाजल्या होत्या.

मी समोर होतो. सुट्टी होती म्हणून खाली येऊन पेपर वाचत बसलो होतो. फोन दोनदा वाजला आणि थांबला. वहिनी उठली, हात धुतले, आधण ठेवलं. आम्ही चहा प्यालो. तिन्हीसांजेला पुन्हा फोन वाजला, तीनदा, चारदा. गोदामाचा माणूस होता. गाडी आली नाही म्हणाला. वहिनी हसली. म्हणाली, "अहो, कधीच पोचलेत. मला रिंग आली दुपारी. असतील इथंतिथं, टायर बघत असतील. येतील." तिच्या आवाजात इतकी खात्री होती की त्या माणसानं गोदामाला कुलूप लावलं आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता दुरुस्त करणाऱ्यांना उतारावर काचेचा चुरा चमकताना दिसला. गाडी खाली दरीत होती, घाटाच्या पार मधल्या वळणाखाली. आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनं, काही गरज नसताना, आमच्यासमोर सांगून टाकलं की हा माणूस लगेच गेलेला नाही. संध्याकाळपर्यंत तरी जिवंत होता.

त्या डॉक्टरला मी नंतर काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग घरात प्रश्न उरला तो रिंगचा. दादा घाटातच पडला, म्हणजे तो गोदामात पोचलाच नाही. मग रिंग कुणी दिली? आम्ही सगळ्यांनी वहिनीला एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली: राँग नंबर असेल. कुणीतरी चुकून लावला, चूक कळली, ठेवला. तुझा काय दोष? शेजारच्या काकूंनी दुसरंच काढलं. त्या म्हणाल्या, "अगं, तिकडे पोचल्याचं त्यानंच कळवलं असेल." मी त्यांना दार दाखवलं. वहिनी दोन्ही ऐकून दात बसवत राहिली. फक्त एकदा, पुष्कळ दिवसांनी, चिमट्यात दात धरून म्हणाली, "भाऊजी, ती ह्यांचीच होती. मला ह्यांची रिंग कळत नाही का?" मी म्हटलं, वहिनी, फोनची रिंग एक्स्चेंज वाजवतं, ती सगळ्यांची सारखीच असते. ती म्हणाली, "असेल." पण तेव्हापासून रोज तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं: आपण खोट्या रिंगवर विश्वास ठेवला आणि नवरा दरीत पडलेला असताना इथं चहा प्यालो. गोदामवाल्याला घरी पाठवलं ते आपण. यातून ती कधीच बाहेर आली नाही. ठकीला मोठं केलं, माझ्या बायकोच्या आजारपणात रात्ररात्र उशाशी बसली, हजारो तोंडांत दात बसवले, पण फोनची दुसरी रिंग वाजली की तिचा हात थांबायचा आणि तिसरी वाजेपर्यंत ती श्वास घ्यायची नाही. तिसरी वाजली की श्वास सोडायची. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो.

ठकी मोठी झाली आणि काय करावं त्या पोरीनं? गाडी शिकली. औषधांची व्हॅन चालवते आता, आणि तिची फेरी त्याच घाटावरून जाते. घरात रणकंदन झालं. शेवटी वहिनीनं हात टेकले, पण अट घातली. रिंगबिंग काही चालायची नाही. पोचलीस की फोन करायचा आणि तोंडानं बोलायचं, "आई, पोचले." आवाज कानावर पडल्याशिवाय मी मानणार नाही. ठकी तसं करायची. मोबाईलवरून घरी फोन लावायची आणि बोलायची. काही वर्षं त्यावर बरी गेली.

मग ते फोन सुरू झाले.

पहिल्यांदा नेहमीचे. कर्ज घ्या, विमा घ्या, तुमचा नंबर निवडला गेलाय, अभिनंदन. वहिनी हातातलं काम टाकून कोपरानं बटण दाबायची आणि एक गोड आवाज तिला बंगला विकायला लागायचा. मी तक्रार केली. फोन कंपनीच्या मुलीनं तक्रार लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीचा फोन आला, नको असलेले फोन बंद करायची योजना विकायला! मी त्या पोरीला विचारलं, मग तुझाच फोन आधी कसा बंद करू ते सांग. तिनं ठेवून दिला.

पण या गोंधळात दुसरं काहीतरी होतं. काही दुपारी फोन दोनदा वाजायचा आणि थांबायचा. बरोबर त्या वेळेला, पूर्वी पोचल्याची रिंग यायची त्या सुमाराला. पहिल्या वेळी मी खालीच होतो. वहिनीचा हात थांबला. तिसरी रिंग आलीच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा त्या फळीवरच्या प्लास्टरसारखा झाला होता.

"विकणारे असतील," मी म्हटलं. "मशीनच फोन लावतं हल्ली. दहा घरी लावतं, एकानं उचलला की बाकीचे तोडतं."

"हो," ती म्हणाली. मग उठून हात धुवायला गेली, अर्ध्या वाटेवर थांबली, आणि न धुताच परत येऊन बसली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग पुन्हा. तिच्या हातून चुका व्हायला लागल्या. एका डॉक्टरीण बाईंकडून कवळी परत आली, वरचे दात खालच्यांवर बसतच नव्हते. असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. दुपार झाली की ती फोनकडे पाठ करून बसायची. एकदा मी जिन्यातून उतरत होतो तर ती बोलत होती. खोलीत कुणी नव्हतं. "किती वेळा सांगणार आहात?" असं म्हणत होती. "एकदा फसवलंत ते पुरे नाही झालं?" मी तसाच वर गेलो. अंगावर काटा आला होता आणि मला ते आवडलं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवसापासून दुपारी माझेही कान खालीच लागलेले असायचे.

शेवटी ती स्वतःच म्हणाली, "भाऊजी, हे बंद करा. काहीही करा, पण बंद करा. नाहीतर मी ती तार कापेन आणि मग माझा धंदा बसेल."

ठकीनं शोध घेतला. फोनच्या दुकानातला एक माणूस नवा फोन घेऊन आला, आतच पहारा असलेला. त्यानं समजावून सांगितलं. ओळखीचे नंबर यात भरून ठेवायचे, ते सरळ वाजतील. बाकी कुणाचा फोन आला की इथं रिंग वाजणारच नाही. आतून एक बाई फोन घेणार आणि म्हणणार, आपलं नाव आणि काम सांगा. समोरचा जे बोलेल ते ती तुम्हाला ऐकवणार. फोन घ्यायचा असेल तर एक दाबा. नको असेल तर दोन दाबा, तो नंबर कायमचा बंद.

"आणि तो काही बोललाच नाही तर?" वहिनीनं विचारलं.

"तर ती शांतता ऐकवेल. तुम्ही दोन दाबायचं. पुन्हा त्रास नाही."

त्या आतल्या बाईला वहिनीनं पहारेकरीण असं नाव दिलं. पहारेकरणीनं पहिल्या आठवड्यातच कर्जवाले, विमेवाले, बंगलेवाले सगळे पिटाळले. यंत्रांना नाव विचारलं की ती बिचारी गप्पच होतात. एक नवीन डॉक्टर मात्र भडकले. "मी डॉक्टर बोलतोय, दाताचं काम आहे, आणखी काय जन्मपत्रिका सांगू?" असं म्हणाले ते तसंच्या तसं खोलीत ऐकू आलं. वहिनी हसली. किती दिवसांनी हसली होती. मला वाटलं, सुटलो.

मग एका दुपारी पहारेकरीण म्हणाली, "आपल्याला फोन आहे." आणि पुढं काहीच नाही. नुसता श्वास. जड, म्हाताऱ्या माणसाचा श्वास. मशीनला श्वास नसतो, एवढं मलाही कळतं. "स्वीकारण्यासाठी एक दाबा. कायमचा बंद करण्यासाठी दोन दाबा."

"दाब दोन," मी म्हटलं.

वहिनीनं हात पुढं केला आणि मागं घेतला. काहीच दाबलं नाही. थोड्या वेळानं फोन आपोआप तुटला.

"वहिनी, अगं, बंद करायचं म्हणून तूच मागं लागली होतीस ना?"

"कोण आहे ते कळल्याशिवाय कायमचं बंद कसं करू?" ती म्हणाली. पुढं काही बोलायची सोय तिनं ठेवली नाही, घासायचं चाक सुरू केलं.

असं दोन-तीनदा झालं. श्वास यायचा, वहिनी ऐकायची, कुणीच काही दाबायचं नाही. खरं सांगतो, आधीच्या रिंग परवडल्या. आता ते जे काही होतं ते खोलीत येऊन श्वास घेत होतं, आणि फळ्यांवरचे सगळे जबडे उघडे.

आणि मग तो बोलला.

मी खिडकीपाशी बसलो होतो. वहिनी एका खालच्या कवळीत पुढचे दात लावत होती. पहारेकरीण म्हणाली, आपल्याला फोन आहे. श्वास. मग बोबडा, ओला आवाज आला. "मी... लंबू. दादांच्या जोडीचा. वहिनींना सांगा... ती रिंग... ती रिंग दादांचीच होती." तिथं वेळ संपला आणि आवाज कापला गेला.

लंबू म्हणजे दुसऱ्या काचेच्या गाडीचा ड्रायव्हर. दोन्ही गाड्या बरोबर निघायच्या. दादाच्या दहाव्याला आला होता, कोपऱ्यात उभा राहिला, पाणीही न घेता निघून गेला. नंतर कधी दिसला नाही.

वहिनीनं चिमटा खाली ठेवला. पहिलं वाक्य काय बोलली असेल? "याचे खालचे सगळे दात गेलेत," म्हणाली. आणि मेणाच्या हातानंच एक दाबलं.

"बोला," ती म्हणाली.

तो ठेवून देणार असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही?"

"मीच. रिंगचं काय म्हणत होतात?"

"आता दिवस थोडे राहिलेत, सांगून टाकावं म्हणून फोन लावायचो, पण दोन रिंग झाल्या की तुम्ही उचलाल या भीतीनं ठेवून द्यायचो मी. तोंडच उघडायचं नाही माझं. मग ती बाई नाव विचारायला लागली. तुम्हाला सांगण्यापेक्षा तिला सांगणं..." त्याला खोकला आला. "वहिनी, त्या दिवशी दादांनी पायथ्याच्या बूथवरून रिंग दिली. घाट चढायच्या आधी. मी शेजारी उभा होतो."

"अलीकडच्या पायथ्याच्या?"

"अलीकडच्या. धुकं होतं. मी म्हटलं, दादा, जरा थांबू. ते म्हणाले, रिंग दिलीय, आता काय, जातो सावकाश. मी मागं थांबलो, झोपलो जरा. दुपारनंतर निघालो, घाट उतरलो, माझा माल दुसऱ्या गोदामाचा, तो टाकून सरळ गावी गेलो. मला काय माहीत, खाली..."

"त्या दिवशीच का दिली अलीकडून?" वहिनीनं विचारलं. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. डॉक्टरांना दाताचा रंग विचारावा तसा.

लंबू नुसता खोकत राहिला.

"अहो, मी काय विचारतेय?"

"त्या दिवशीच नाही, वहिनी," तो म्हणाला. "नेहमीच तिथून द्यायचे. ठकी पोटात होती तेव्हा तुम्ही एकदा वाट बघून बघून चक्कर येऊन पडलात. तेव्हापासून. म्हणायचे, घाट उतरेपर्यंत ती पाणी पीत नाही रे, दोन तास आधी कळवलं तर काय बिघडलं, मी पोचणारच आहे की. मला शपथ घातली होती, बोलायचं नाही. आणि नंतर कळलं, गोदामवाल्याला तुम्ही काय सांगितलंत ते. मग मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

मी उठलो. मला त्या माणसाला फोनमधून ओढून काढायचं होतं. एवढी वर्षं ही बाई स्वतःला जाळत बसली आणि हा तोंडाला कुलूप लावून बसला! मी तोंड उघडलं, पण वहिनीनं मेणाचा हात वर केला आणि मी गप्प बसलो.

"बरं केलंत सांगितलंत," ती फोनला म्हणाली. "आता पुन्हा फोन केलात तर दोन रिंग देऊन ठेवू नका. बोला."

फोन बंद झाला. वहिनी खुर्चीवर बसली. मी म्हटलं, "वहिनी, बघ, तू म्हणत होतीस तेच. त्याचीच होती रिंग. तुझी काही चूक नव्हती. तू बरोबर ओळखलीस, आम्हीच गाढव." मला खरंच वाटलं की आता तिचं ओझं उतरलं असेल.

तिनं माझ्याकडे बघितलं. "भाऊजी," ती म्हणाली, "आपण किती चहा प्यालो हो?"

मला कळलं नाही.

"रिंग आली की मी उठायची. आधण ठेवायची. गुणगुणायची. त्या प्रत्येक दिवशी हे घाटात होते. तेव्हाच घाट चढत होते. मी निवांत व्हायची आणि हे वळणं घेत असायचे, एकटे. ठकी पोटात होती तेव्हापासून एकदाही, एकदासुद्धा ह्यांच्या घाटात मी ह्यांच्याबरोबर नव्हते."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, चांगलं नव्हतं. तिच्या भल्यासाठी केलं त्यानं, असलं काहीतरी.

"हो," ती म्हणाली. "फार प्रेमानं केलं. म्हणून तर संताप कुणावर करू ते कळत नाही." आणि मग ती रडली. दादा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. मेण निवून कडक झालं, दात तसेच राहिले, आणि मी खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होतो, कारण दिराला अशा वेळी दुसरं काही करता येत नाही.

मला वाटलं होतं, आता त्या घरातलं भूत गेलं. कोण रिंग देतं ते कळलं, आधी कुणी दिली तेही कळलं. पण झालं उलटंच. पूर्वी तिला एकच दुपार छळायची. आता सगळ्याच दुपारी उठून आल्या. कामाच्या मध्येच ती थांबायची आणि म्हणायची, "ठकीच्या बारशाच्या आदल्या दिवशी, आठवतं, किती पाऊस होता? रिंग लवकर आली होती. मी म्हटलं, आज लवकर पोचले. भर पावसात होते हो वर." एकेक चहा ती आठवून काढायची आणि त्याच्या जागी घाट मांडायची. मी ऐकायचो. तिला थांबवायचा मला काय अधिकार?

ठकीला यातलं काही सांगितलं नव्हतं. वहिनी म्हणाली, बापाबद्दल पोरीला कशाला, मी बघते.

मग ठकीची घाटाची फेरी आली. त्या दुपारी मी मुद्दाम खाली जाऊन बसलो. फोन वाजला, ओळखीचा नंबर, सरळ वाजला. वहिनीनं तिसऱ्या रिंगनंतर कोपरानं बटण दाबलं.

"आई, पोचले गं," ठकी म्हणाली. रोजच्यासारखी, खणखणीत.

"बरं," वहिनी म्हणाली. नेहमी ती एवढंच म्हणायची आणि ठेवायची. आज ठेवला नाही. ठकीच्या आवाजामागं एक ट्रक चढ चढत होता, भरलेला, पहिल्या गिअरमध्ये, कण्हत कण्हत. ट्रकवाल्याच्या घरात आयुष्य काढलेल्यांना तो आवाज सांगावा लागत नाही. मी वहिनीकडे बघितलं. वहिनी फोनकडे बघत होती.

"कुठून बोलतेस?"

"म्हणजे काय? पोचले म्हटलं ना."

"ठके, घाट पुढं आहे की मागं?"

ती पोरगी लगेच उत्तर देऊ शकली असती. द्यायला हवं होतं. पण ती थांबली, आणि तेवढ्यात आम्हा दोघांना सगळं कळलं.

"पुढं," ठकी हळूच म्हणाली. "आई, तू ना उगाच जिवाला घोर लावून घेतेस. मला सवय आहे गं घाटाची. दोन तास तू उपाशीतापाशी येरझाऱ्या घालणार, त्यापेक्षा..."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बाप गेला तेव्हा ती दप्तरात खडू लपवायच्या वयाची होती. मला वाटलं, वहिनी आता ओरडेल, किंवा कोसळेल, आणि मी उठून उभा राहिलो.

ती ओरडली नाही. फोनजवळ वाकली आणि शांतपणे म्हणाली, "हे बघ, पुढं असेल तर पुढं आहे असंच सांगायचं. मी जेवणार नाही, पाणी पिणार नाही, येरझाऱ्या घालीन. घालू दे मला. वाट बघून कुणी मरत नाही. तुझ्या बाबांनी मला कधी वाट बघू दिली नाही, आणि म्हणून ते पडले होते तेव्हा मी चहा पीत होते. तू तसं करू नकोस. आता निघ. सावकाश जा. खाली उतरलीस की फोन कर."

"आई, बाबांनी काय..."

"आल्यावर सांगते. निघ."

पोरगी त्या दिवशी नीट पोचली. हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. पण त्या वेळी आम्हाला ते माहीत नव्हतं. फोन बंद झाला आणि खोलीत घड्याळाशिवाय काही नव्हतं. वहिनीनं हातातली कवळी बाजूला ठेवली, साबणानं हात धुतले आणि खुर्ची फोनसमोर ओढली. मी म्हटलं, मी बसतो इथं, ती खाली उतरेपर्यंत. वहिनीनं मान हलवली.

"तुम्ही वर जा, भाऊजी," ती म्हणाली. "मला वाट बघायचीय."